मोनरोव्हियाचं मासळी बाजाराचं मैदान आणि तिथे बसलेल्या बायका

शनिवार

रॉबर्ट्स एअरपोर्ट मोनरोव्हियापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर लांब आहे, हार्बेलला, फायरस्टोनच्या रबराच्या मळ्यांच्या शेजारी. 1926 साली त्या अमेरिकन कंपनीला इथली दहा लाख एकर जमीन 99 वर्षांच्या कराराने मिळाली होती आणि भाडं होतं एकराला सहा सेंट, हे दादाने गाडीत बसल्याबसल्या सांगितलं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, इथे एका भारतीय मालकाच्या बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात बरीच वर्षं आहे. तो आणि वहिनी किती वेळा ये म्हणाले असतील, पण मला यायचं होतं ते इथल्या बायकांसाठी. मी तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्रात काम करते, नवऱ्याने हाकललेल्या, सासरी मारहाण झालेल्या बायका रोज समोर असतात, आणि लायबेरियाच्या बायकांनी 2003 साली नुसतं बसून बसून युद्ध थांबवायला लावलं हे वाचल्यापासून ती जागा बघायचीच असं डोक्यात होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. अमेरिकेतून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी वसवलेला हा देश, 1847 ला स्वतंत्र झाला, पण सत्ता शंभरेक वर्षांहून जास्त त्याच मूठभर घराण्यांकडे राहिली आणि आधीपासून इथे राहणारे लोक बाहेरच. 1980 मध्ये सॅम्युअल डो नावाच्या सार्जंटने राष्ट्राध्यक्षाला मारून सत्ता घेतली, मग 1989 च्या डिसेंबरात चार्ल्स टेलर बंडखोर घेऊन आयव्हरी कोस्टच्या बाजूने निंबा भागात घुसला, आणि तिथून 2003 पर्यंत मधली थोडी वर्षं सोडली तर युद्धच. दोन-अडीच लाख माणसं गेली असं साधारण धरतात. लहान लहान पोरांच्या हातात बंदुका, आणि बलात्कार तर सगळ्याच गटांनी केले, सरकारी सैन्यानेसुद्धा.

वाटेत शिफेलिनचा लष्करी कॅम्प लागला तर मी गाडी हळू करायला लावली. डिसेंबर 2003 मध्ये यूएनने इथे शस्त्रं जमा करायला सुरुवात केली तेव्हा अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लढवय्ये आले, शस्त्रांच्या बदल्यातले पैसे लगेच मिळणार नाहीत कळल्यावर गोळीबार झाला, माणसं मेली, सगळं बंद करावं लागलं. बायकांच्या संघटनेने मदत देऊ केली होती, ती आधी घेतली नव्हती. गोंधळ झाल्यावर याच बायका पांढऱ्या कपड्यांत त्या पोरांमध्ये गेल्या आणि समजावत बसल्या. एप्रिल 2004 मध्ये काम परत सुरू झालं आणि पुढे एक लाखाहून जास्त लोकांनी शस्त्रं खाली ठेवली.

घरी पोचेपर्यंत अंधार. वहिनीने वरण-भात केला होता आणि सोबत इथली कसाव्याच्या पाल्याची भाजी, पाम तेलात, चांगली झणझणीत.

रविवार

सिंकोर भागातल्या सेंट पीटर्स लुथरन चर्चला गेलो. प्रार्थना चालू होती म्हणून आम्ही मागे उभे राहिलो. 29 जुलै 1990 च्या रात्री या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या साधारण सहाशे माणसांना डोच्या सैनिकांनी मारलं, त्यात बायका-मुलं किती होती. आवारात सामुदायिक कबरी आहेत, जमिनीवर पांढरे तारे केलेत. मुलं शेजारीच खेळत होती. या प्रकरणात आजवर लायबेरियात कुणाला शिक्षा झालेली नाही, अमेरिकेतल्या कोर्टाने 2021 मध्ये एका माजी अधिकाऱ्याला दिवाणी दाव्यात जबाबदार धरलं, तेही चार वाचलेल्या लोकांनी खटला लावून धरला म्हणून.

याच आवारात लुथरन चर्चचं मानसिक आघातातून सावरायला मदत करणारं केंद्र होतं आणि बायकांच्या त्या आंदोलनाची पुढारी लेमा बोवी तिथे काम शिकली. युद्ध सुरू झालं तेव्हा ती सतरा वर्षांची, नुकतीच शाळा संपलेली. मग पळापळ, मारहाण करणारा जोडीदार, घानातली निर्वासित छावणी, पोरं सांभाळायची आणि खायला काही नाही. परत येऊन ती त्या मुलांसोबत काम करायला लागली ज्यांना टेलरने लढायला लावलं होतं. मला तिच्या बाबतीत हेच सगळ्यात मोठं वाटतं, की तिने सुरुवात केली ती ज्यांनी अत्याचार केले त्या पोरांशी बोलण्यापासून.

पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या शांततेसाठी काम करणाऱ्या नेटवर्कमध्ये नायजेरियाच्या थेल्मा एकियोरने बायकांचा वेगळा गट काढला, विपनेट, आणि लायबेरियाची जबाबदारी लेमाकडे आली. बायका या चर्चमध्ये प्रार्थनेला जमायच्या. अशाच एका सभेत असाटू बा केनेथ उठली, ती मुसलमान आणि पोलिसात अधिकारी, आणि म्हणाली की मी मुसलमान बायकांना घेऊन येते. काही ख्रिश्चन बायकांना ते पटेना. तेव्हा त्यांच्यात जो वाद झाला त्याचं उत्तर शेवटी एकाच प्रश्नाने मिळालं, की गोळी लागताना धर्म विचारते का. मग शुक्रवारी नमाजानंतर मशिदीबाहेर, शनिवारी बाजारात, रविवारी चर्चमध्ये असं पत्रकं वाटणं सुरू झालं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढलेली पत्रकं.

सोमवार

आजचा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही.

दादाच्या दुकानातल्या एका माणसाची आई 2003 मध्ये मासळी बाजाराच्या मैदानात बसली होती, तिला भेटायचं ठरलं होतं. इथे वयस्कर बाईला सगळे ओल्ड मा म्हणतात, मीही तेच म्हणाले. पासष्टीच्या पुढची असेल, डोक्याला कापड बांधलेलं, कमरेला लप्पा म्हणजे गुंडाळायचं रंगीत कापड, हात मिळवताना बोटाची चुटकी वाजवायची इथली पद्धत आहे ती तिने मला दोनदा करून दाखवली. पूर्वी वॉटरसाइड मार्केटमध्ये सुके मासे विकायची.

आम्ही केकेमधून गेलो. केके म्हणजे आपली रिक्षाच, बजाजची, रंग पिवळा, आणि ओल्ड मा पुढे ड्रायव्हरला सूचना देत होती. टबमन बुलेव्हार्डला लागून मासळी बाजाराचं मैदान आहे, जवळच शहरातली छोटी धावपट्टी. मोकळी जमीन, जानेवारीत हरमॅटनची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची धूळ, एका बाजूला कोळ्यांच्या वस्तीकडून येणारा मासळीचा वास. बघायला तसं काहीच नाही. पण तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या टेलरचा ताफा रोज घरातून ऑफिसला आणि परत याच रस्त्याने जायचा, म्हणून बायकांनी ही जागा निवडली. रस्त्यावर उतरून सरकारची बेइज्जती करायला कुणी धजू नये असं त्याने जाहीर केलेलं होतं आणि या बायका एप्रिल 2003 मध्ये रस्त्याच्या कडेला येऊन बसल्या. पांढरा टीशर्ट, डोक्याला पांढरं कापड, दागिने नाहीत, मेकअप नाही. शांती हवी असा मोठा बॅनर.

मी ओल्ड माला विचारलं की रोज म्हणजे खरंच रोज का. तर ती म्हणाली रोज, आणि पहाटेपासून, आणि मग तिने मला ते सगळं सांगितलं जे मी कुठे नीट वाचलेलं नव्हतं, म्हणजे बसायचं तर खायचं काय, मासे कोण विकणार, पोरं कुठे ठेवायची. तिच्या बाजारातल्या बायकांची सुसू होती, सुसू म्हणजे आपली भिशीच, त्यातून भाताला आणि गाडीभाड्याला पैसे काढले. एकीने बसायचं, दुसरीने दोघींची टोपली विकायची, दुसऱ्या दिवशी उलट. युद्धात घर सुटलेल्या ज्यांना छावणीतून यायचं होतं त्यांच्यासाठी गाडीची सोय बघायला वेगळ्या बायका. पोरं सोबतच, पाठीला बांधून. एप्रिलमध्ये ऊन असं की डोकं फुटेल, आणि मे पासून पाऊस. मोनरोव्हियाचा पाऊस म्हणजे वर्षाला साडेचार-पाच हजार मिलिमीटर, आपल्या आंबोलीच्या घाटातला माणूससुद्धा मान डोलवेल. त्यात हजारो बायका उघड्यावर बसून. सैनिक येऊन चाबकाने मारायची धमकी द्यायचे, आणि रात्री घरी परतताना चेकपोस्टवर काय होईल याची कुणालाच खात्री नाही.

मी विचारलं, घरचे काय म्हणायचे. ती हसली. नवरा आधी चिडला, मग एक दिवस स्वतःच तिची चटई उचलून मैदानापर्यंत घेऊन आला.

आता तो शरीरसंबंधांच्या संपाचा विषय. लायबेरिया म्हटलं की लोक पहिलं तेच विचारतात. हो, बायकांनी नवऱ्यांना सांगितलं होतं की युद्ध थांबेपर्यंत जवळ यायचं नाही, गावाकडच्या बायकांनी ते जास्त पक्कं पाळलं. पण लेमा बोवीनेच लिहून ठेवलंय की प्रत्यक्षात त्याचा फार परिणाम झाला नाही, पत्रकार यायला लागले हा मात्र उपयोग झाला. माझं स्पष्ट मत आहे की या एका गोष्टीने बाकीचं सगळं झाकून टाकलंय. पावसात बसलेल्या बाईची टोपली दुसरीने विकली, यावर कुणी बातमी करत नाही, आणि त्याशिवाय ते आंदोलन आठवडाभरही टिकलं नसतं.

शेवटी 23 एप्रिलला टेलरने त्यांना भेटायला बोलावलं. लेमाने निवेदन वाचलं ते टेलरकडे बघून नाही, सिनेटची प्रमुख ग्रेस मायनर बाजूला बसली होती तिच्याकडे वळून, की बाई म्हणून तूच आमचं हे त्यांच्यापर्यंत पोचव. टेलर वाटाघाटींना जायला तयार झाला. टेलरविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांचे नेते शेजारच्या सिएरा लिओनमध्ये फ्रीटाउनला होते, तर श्युगर्स कूपर आणि इतर बायका तिथे गेल्या, ते उतरलेल्या हॉटेलबाहेर रस्त्यावर बसल्या आणि त्यांच्याकडूनही होकार घेतला. म्हणजे फक्त सरकारविरुद्ध असं ते नव्हतंच, ज्याच्या हातात बंदूक तो प्रत्येक जण.

ओल्ड मा मैदानाच्या एका कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, म्हणाली मी इथे बसायचे. निवडणुका आल्या की आजही बायका पांढरे कपडे घालून इथे जमतात, उपास-प्रार्थना करतात, भांडणं पेटू नयेत म्हणून. तीही जाते, गुडघे दुखतात तरी जाते. मला रडू आलं, तिने माझा हात धरला आणि मग आम्ही पेपर सूप, म्हणजे इथला तिखट रस्सा, प्यायलो.

मंगळवार

आज शहर. स्नॅपर हिलवर ड्युकोर हॉटेल, 1960 चं, एकेकाळी आफ्रिकेतल्या मोजक्या पंचतारांकित हॉटेलांपैकी, आता नुसता सांगाडा. वरून वॉटरसाइड, नदीचं मुख आणि पूल दिसतात. 2003 च्या जून ते ऑगस्टमध्ये या पुलांवर लढाई होती, बंदर बंडखोरांकडे गेल्यामुळे शहरात तांदूळ येईना. लोकांनी तीन हल्ल्यांना पहिलं, दुसरं, तिसरं महायुद्ध अशी नावं ठेवली होती.

काँगो टाउनमधून येताना दादाने आपल्या सीआरपीएफच्या महिलांची जागा दाखवली. जानेवारी 2007 मध्ये भारताने इथे यूएनच्या शांतिसेनेत महिलांचं पोलिस पथक पाठवलं, अख्खं महिलांचं पथक जगात पहिल्यांदाच, ते 2016 पर्यंत होतं. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा, रात्रीची गस्त. वहिनी सांगते की अजूनही बाजारात कुणी बाई विचारते, तू इंडियन पोलिस का. त्या काळात इथल्या पोलिसात मुली भरती व्हायचं प्रमाण बरंच वाढलं.

2005 च्या निवडणुकीत मतदार नोंदणीला बाजारातल्या बायका जाईनात, कारण टोपली सोडून जायचं कसं, तर पांढऱ्या टीशर्टवाल्या त्यांच्या टोपल्यांपाशी बसल्या आणि त्यांना नोंदणीला पाठवलं. एलेन जॉन्सन सर्लीफ निवडून आल्या, आफ्रिकेतल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला राष्ट्राध्यक्ष. महिला वकिलांची संघटना अफेल 1994 पासून काम करत होती, त्यांच्या रेट्यामुळे बलात्काराचा कायदा कडक झाला, 2008 मध्ये लैंगिक गुन्ह्यांसाठी वेगळं न्यायालय झालं, क्रिमिनल कोर्ट ई. 2003 मध्येच रूढीने लग्न झालेल्या बाईलाही नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा आला. कागदावर हे आपल्यापेक्षा कमी नाही. पण खटले तुंबलेले, वैद्यकीय तपासणीची सोय मोजक्या ठिकाणी, तालुक्यापासून कोर्टापर्यंत यायला भाडं नाही, म्हणून घरच्या घरी मिटवून टाकतात. माझ्या केंद्रात मी रोज हेच बघते म्हणून मला ते ऐकताना जास्त लागलं. ऑगस्ट 2020 मध्ये हजारो लोक मोनरोव्हियात रस्त्यावर उतरले, मग सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष वेआ यांनी बलात्कार ही राष्ट्रीय आणीबाणी म्हणून जाहीर केली.

सर्लीफ आणि बोवी दोघींना 2011 चं नोबेल मिळालं, येमेनच्या तवाक्कुल करमानसोबत. आणि वर्षभरातच बोवीने सर्लीफच्या सरकारवर भ्रष्टाचार आणि स्वतःच्या मुलांना पदं दिल्याबद्दल उघड टीका करून सलोखा समितीचं पद सोडलं. सत्य आणि सलोखा आयोगाने तर 2009 मध्येच सर्लीफना तीस वर्षं सार्वजनिक पद देऊ नये अशी शिफारस केली होती, सुरुवातीला टेलरला मदत केली म्हणून. मला सर्लीफबद्दल आदर आहे, पण बोवीने जे केलं ते जास्त अवघड होतं. नोबेल सोबत घेतलेल्या बाईला, तीही राष्ट्राध्यक्ष, चारचौघात चुकलात म्हणून सांगायचं.

टेलरला 2012 मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियातल्या गुन्ह्यांसाठी नाहीच. प्रिन्स जॉन्सन, ज्याच्या माणसांनी डोचे हाल करून मारलं, तो 2024 च्या नोव्हेंबरात वारला तेव्हा सिनेटर होता. 2024 च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष बोआकाई यांनी युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाच्या तयारीसाठी कार्यालय काढायच्या आदेशावर सही केली. ओल्ड माला मी विचारलं की तुला ते न्यायालय हवंय का. म्हणाली, हवं, आणि मी जिवंत असताना हवं.

बुधवार

तोतोटा. काकाटावरून पुढे, वेआला, सालाला करत, बाँग भागात. रस्ता आता बरा आहे. दोन्हीकडे रबर आणि मग हिरवं जंगल.

तोतोटाची पीस हट प्रसिद्ध आहे. युद्ध संपल्यावर विपनेटच्या बायकांनी गावोगाव अशा झोपड्या उभ्या केल्या, वर छप्पर, बाजू उघड्या, बायका गोल बसतात आणि तक्रार ऐकतात. पूर्वी अशा बैठकीत पुरुष वडीलधारेच असायचे. आम्ही गेलो तेव्हा एका मुलीची तक्रार चालू होती, नवरा पोरांच्या शाळेचे पैसे देत नाही आणि दुसरीकडे राहतो. नवरा समोर बसलेला. सगळं मला कळलं नाही, क्पेले भाषेत होतं, पण पद्धत कळली. आधी तिला पूर्ण बोलू दिलं, मध्ये कुणी तोडलं नाही, मग त्याला. मग एक म्हातारी त्याला इतकं बोलली की त्याने मान खाली घातली. किती पैसे, कुठल्या दिवशी, कुणाच्या हातात द्यायचे ते ठरलं, आणि दोन बायका दर महिन्याला घरी जाऊन बघणार हेही. हा पाठपुरावा मला फार आवडला. आमच्याकडे समझोता लिहून सही झाली की फाइल बंद होते.

बलात्काराचं प्रकरण मात्र त्या झोपडीत मिटवत नाहीत, थेट पोलिसांकडे. हा नियम त्यांनी स्वतः केलाय आणि त्यावरून गावात भांडणंही झालीत. सांदे या बायकांच्या पारंपरिक संस्थेबद्दल मी विचारलं, जिथे मुलींची सुंता केली जाते, तर वातावरण एकदम बदललं. 2012 मध्ये माए आझांगो या पत्रकार बाईने त्यावर लिहिलं तेव्हा तिला जिवाच्या धमक्या आल्या, लपून राहावं लागलं. या झोपडीत बसलेल्या कित्येक जणी स्वतः त्यातून गेलेल्या आहेत, काहींच्या घरात ते करणाऱ्या आहेत. एक जण हळूच म्हणाली, यावरही बोलू, अजून वेळ लागेल. मला घाई करावीशी वाटली, तरी मी काही बोलले नाही. ते त्यांनीच ठरवायचंय.

गुरुवार

परतीची बांधाबांध. वहिनीबरोबर वॉटरसाइडला जाऊन लप्पा घेतले. ओल्ड मा भेटायला आली, सुक्या माशांची पिशवी घेऊन. तिची बहीण युद्धात घानाला पळाली होती, बुडुबुरामच्या छावणीत राहायची आणि तिथेच वारली. ती ज्या घरात राहायची ते बघशील का म्हणाली, खुणा सांगितल्या, पाण्याच्या टाकीपासून तिसरी गल्ली वगैरे.

शुक्रवार

अक्रा, घानाची राजधानी. इथे 4 जून 2003 ला लायबेरियाची शांतता परिषद सुरू झाली आणि त्याच दिवशी टेलरवरचं युद्धगुन्ह्यांचं आरोपपत्र उघड झालं, तो तडक मायदेशी परतला. बाकीचे प्रतिनिधी आठवडेच्या आठवडे हॉटेलात, भत्ता चालू, चर्चा मंत्रिपदं कुणाला यावर. इकडे मोनरोव्हियात बॉम्ब पडत होते. 21 जुलैला अमेरिकन दूतावासाच्या आवारात आसरा घेतलेल्या लोकांवर तोफगोळे पडले, माणसांनी प्रेतं आणून दूतावासासमोर रांगेत ठेवली. अक्राला बातमी पोचली तेव्हा लेमाने अजून बायका बोलावल्या आणि सगळ्या हातात हात गुंफून हॉलच्या दाराशी बसल्या, करार होईपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, जेवायलाही नाही. सुरक्षारक्षक अटक करायला आले तर ती कपडे काढायला लागली. पश्चिम आफ्रिकेत आईच्या वयाच्या बाईने रागाने असं उघडं होणं म्हणजे बघणाऱ्याला शाप. रक्षक मागे सरले. मध्यस्थ जनरल अबुबकर, नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख, त्यांनी बायकांची बाजू घेतली आणि उठू बघणाऱ्या प्रतिनिधींना परत आत पाठवलं. त्यानंतर चर्चेचा सूर बदलला. 11 ऑगस्टला टेलर पायउतार होऊन नायजेरियाला गेला, 18 ऑगस्टला करार झाला.

त्या करारावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत मानो नदी खोऱ्यातल्या देशांच्या महिलांचं शांतता नेटवर्कही होतं. पण सत्तेचं वाटप झालं ते बंदुकवाल्या तीन गटांत आणि पक्षांत. आज लायबेरियाच्या संसदेत बायका दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आहेत. मला याचा राग येतो आणि तो मी इथे लिहिणार.

शनिवार

बुडुबुराम अक्रापासून पश्चिमेला, रस्त्यात ट्रॅफिक असेल तर दीड-दोन तास. 1990 पासून लायबेरियन निर्वासितांची वसाहत. 2003 मध्ये हॉलच्या दाराशी बसलेल्या कित्येक जणी इथूनच आलेल्या. आणि याच छावणीतल्या बायका 2008 मध्ये स्वतःसाठी बसल्या, फुटबॉलच्या मैदानात, महिनाभर. मागणी अशी की आम्हाला इथेच मिसळून टाकू नका, तिसऱ्या देशात पाठवा, नाहीतर परत जायला माणशी हजार डॉलर द्या, कारण तिकडे घर उरलेलं नाही. मार्चमध्ये घानाच्या पोलिसांनी सहाशेहून जास्त बायका-मुलांना उचललं. लेमा बोवीच्या बायकांसाठी टाळ्या वाजवणाऱ्या जगातून यांच्या बाजूने फार आवाज आला नाही.

2024 मध्ये छावणीची पाडापाडी सुरू झाली. पाण्याची टाकी सापडली, तिसरी गल्ली नाही सापडली, तिथे नुसता सिमेंटचा चुरा. मी व्हिडिओ काढून ओल्ड माला पाठवला. शेजारच्या टपरीवर एक बाई केस विणत बसली होती, लायबेरियन, तिला खुणा सांगितल्या तर ती म्हणाली की त्या गल्लीतल्या एकीला मी ओळखते, कसोआला राहायला गेली, आणि ओल्ड माच्या बहिणीचं नाव घेतल्यावर म्हणाली, ती तर 2008 ला आमच्याबरोबर मैदानात होती, पोलिसांच्या गाडीत मला धरून बसलेली. ओल्ड माला हे माहीतच नव्हतं. मी फोन लावून दिला. दोघी लायबेरियन इंग्लिशमध्ये एवढ्या भरभर बोलायला लागल्या की मला काही कळेना, टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आणि त्या बाईने हातानेच मला खूण केली की थांब, अजून झालं नाही.